न पुसता बसवायचं

(खडीच्या कारखान्याचं वर्कशॉप. सकाळचे अकरा. टेबलावर चार जळालेली बेअरिंग ओळीनं मांडलेली. खिडकीबाहेर खडी चाळणारी मोठी चाळणी बंद उभी.)

साहेब: म्हणजे एकूण सात गेली.

मिस्त्री: चार. पलीकडची तीन दाराला अडसर म्हणून ठेवलीत. ती जुनी. त्यांनी आपलं आयुष्य पुरं केलंय.

साहेब: आणि या चारांनी?

मिस्त्री: पहिलं सहा आठवडे चाललं. दुसरं पाच. तिसरंही पाचच. चौथं साडेतीन.

वहिनी: चौथं परवा गेलं ना?

मिस्त्री: काल. परवा नुसता आवाज होता. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली तेव्हाच म्हटलं, हे उद्याचा दिवस बघत नाही.

वहिनी: बघितला का?

मिस्त्री: चहापर्यंत.

साहेब: मॅडम, तुम्ही स्वतः आलात ते बरं झालं. मी थोडक्यात सांगतो. मला आज चार वाजेपर्यंत हेड ऑफिसला एक फॉर्म पाठवायचाय. चाळणी वारंवार का बंद पडते, त्याचं कारण. खाली चार चौकटी आहेत. माल खराब. बसवण्यात चूक. देखभालीत चूक. इतर. एकीत टिक करायची.

वहिनी: एकीतच?

साहेब: दोन केल्या तर फॉर्म परत येतो.

वहिनी: आणि 'माल खराब' वर टिक केलीत तर?

साहेब: तर माल ज्यांनी पुरवला त्यांचं नाव यादीतून जातं. आपोआप. मला वेगळं काही करावं लागत नाही.

वहिनी: म्हणजे माझं दुकान गेलं.

साहेब: दुकानाचं नाव जाईल. दुकान राहील.

वहिनी: साहेब, माझ्या दुकानातून दहा बेअरिंग बाहेर पडली तर त्यातली सात तुमच्या गेटातून आत येतात. तुमच्या यादीतून नाव गेलं की शेजारचा क्रशरवाला विचारणार, का हो गेलं? मग त्याच्या पलीकडचा. महिन्याभरात मी शटर ओढून घरी बसेन. मला भीती वाटतेय म्हणून आलेय. तुमचा कारखाना बघायला नाही आले.

साहेब: मला ते समजतंय. फॉर्मला समजत नाही.

वहिनी: तुमचं मत झालंय का आधीच?

साहेब: माझं मत नसतं. रजिस्टरमध्ये जे असतं ते मी वर कळवतो.

वहिनी: मग रजिस्टरमध्ये काय आहे?

साहेब: वाचू का, मिस्त्री?

मिस्त्री: वाचा की. लिहिलंय ते लिहिलंय.

साहेब: 'डाव्या बाजूचं बेअरिंग चौथ्यांदा जळालं. माल डुप्लिकेट असावा.' खाली सही.

वहिनी: कोणाची?

साहेब: मिस्त्रींची.

वहिनी: भाऊजी?

मिस्त्री: 'असावा' लिहिलंय. 'आहे' लिहिलेलं नाही.

वहिनी: हे दवाखान्यात होते तेव्हा चार दिवस बाहेरच्या बाकावर तुम्ही बसून होतात. डबा मी आणायचे आणि तुम्ही म्हणायचात, शेठ बरा होऊ दे, मग जेवतो. आणि आता ह्यांच्या दुकानाला डुप्लिकेट म्हणताय.

मिस्त्री: ते वेगळं, हे वेगळं. शेठवर मी उभ्या जन्मात काही लिहिलं नाही.

वहिनी: माझ्यावर लिहिलंत.

मिस्त्री: बेअरिंगवर लिहिलं.

वहिनी: बरं. मग बेअरिंगचंच बघू. ते चौथं द्या इकडे. आणि एक बॅटरी.

मिस्त्री: हात काळे होतील, वहिनी.

वहिनी: सहा महिने काळेच आहेत. साबणाची वडी आठवडाभर पुरत नाही.

साहेब: तुम्ही यातलं बघू शकता? म्हणजे, विचारलं तर चालेल ना? तुम्ही आधी काय करत होतात?

वहिनी: शिवणकाम. ब्लाउज शिवायचे. कापड घट्ट झालं की कुठे उसवणार ते आधी कळतं. बाकीचं यांच्या कॅटलॉगमधून वाचलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं.

मिस्त्री: ब्लाउज आणि बेअरिंग.

वहिनी: हसू नका. धरा ही बॅटरी. इथे उजेड पाडा. साहेब, तुम्हीही बघा, नाहीतर उद्या म्हणाल मी मनाचं सांगितलं. हा शिक्का दिसतोय? कडेवर कोरलेला. मी रॉकेलनं घासतेय. जातोय का?

साहेब: नाही.

वहिनी: डुप्लिकेट मालावरचा जातो, नाहीतर निदान अक्षर वेडंवाकडं असतं. आणि हा आतला पिंजरा, ज्यात रोलर बसतात. पितळेचा आहे आणि एकसंध आहे. मी खोक्यावरचं वजन आणि दुकानातल्या काट्यावरचं वजन ताडून माल देते. डुप्लिकेट नाही हे.

मिस्त्री: मग जळलं कशानं? नवसानं?

वहिनी: तेच बघतेय. निळं पडलंय.

साहेब: निळं म्हणजे?

मिस्त्री: लोखंड फार तापलं की निळं पडतं. ग्रीसचा कोळसा झालाय बघा.

साहेब: ग्रीस कमी पडलं असेल.

मिस्त्री: ग्रीस मी घालतो. मोजून. एकतीस वर्षं.

साहेब: मी फक्त तिसरी चौकट म्हणून विचारलं.

वहिनी: ग्रीस होतं. कमी असतं तर कोळसाही कमी असता. भाऊजी, ही आतली रिंग बघा. जिच्यावर रोलर फिरतात तो पट्टा. खूण कुठून कुठपर्यंत आहे?

मिस्त्री: सगळीकडे. पूर्ण गोल.

वहिनी: असायला हवी का?

मिस्त्री: ...नको.

साहेब: का नको? गोल आहे तर गोलच झिजणार ना?

मिस्त्री: साध्या मशीनची गोष्ट निराळी. चाळणीत शाफ्टवर मुद्दाम एका बाजूला वजन लावलेलं असतं. ते गरागरा फिरतं म्हणून तर चाळणी थरथरते. वजन शाफ्टबरोबर फिरतं, आतली रिंगही शाफ्टबरोबर फिरते. म्हणजे मार कायम तिच्या एकाच बाजूला. खूण अर्ध्या गोलापेक्षा कमी हवी.

साहेब: आणि पूर्ण असली तर?

मिस्त्री: तर सगळे रोलर सगळीकडून दाबले गेले. आत जागाच नव्हती.

वहिनी: ब्लाउज घट्ट होता.

साहेब: मॅडम, मला नीट सांगा. मी कॉमर्सचा आहे.

वहिनी: रोलर आणि रिंग यांच्यात केसाएवढी फट असते. प्ले म्हणतात. बेअरिंग ठोकून त्याच्या लोखंडी घरात बसवलं की बाहेरची रिंग आवळली जाते, फट थोडी कमी होते. चाळणी चालू झाली, तापली की आतली रिंग फुगते, आणखी कमी होते. आधीच फट जेमतेम असेल तर काहीच उरत नाही. मग रोलर फिरत नाहीत, घासतात. म्हणून चाळणीसाठी जास्त प्लेवालं बेअरिंग बनवतात. नंबराच्या शेवटी सी-फोर लिहिलेलं असतं.

साहेब: याच्या शेवटी काय लिहिलंय?

वहिनी: काहीच नाही. हे साधं आहे. उत्तम आहे, अस्सल आहे, पण साधं आहे. पंख्याला चालेल, पंपाला चालेल. चाळणीला नाही.

साहेब: मग तुम्ही साधं का पाठवलंत? माफ करा, पण हा प्रश्न मला पडणारच.

वहिनी: मी पाठवलं नाही. निवडून नेलं.

साहेब: कोणी?

वहिनी: भाऊजी, तुम्ही सांगता की मी सांगू?

मिस्त्री: माझ्या हातानं निवडून आणतो. त्यात लपवायचं काय?

वहिनी: साहेब, ते येतात. मी पाच खोकी काढून ठेवते. ते एकेक उघडतात. बेअरिंग कानाजवळ धरतात आणि असं हलवतात. खुळखुळ वाजलं की बाजूला. 'ढिला माल.' पुढचं. नाही वाजलं की माझ्याकडे न बघता म्हणतात, 'हे घट्ट आहे. हेच द्या.'

साहेब: आणि नंबर?

वहिनी: पहिल्या वेळी मी म्हटलं, भाऊजी, यावर सी-फोर नाही. म्हणाले, नंबर कारकुनांसाठी असतात.

साहेब: हं.

मिस्त्री: तुम्हाला उद्देशून नव्हतं ते, साहेब.

साहेब: नसेलच.

वहिनी: मी गप्प बसले, ती माझी चूक. दुकानात बसून महिना झाला होता. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला शिवणकामवालीनं काय सांगायचं?

मिस्त्री: थांबा, थांबा. आता माझं ऐका. घट्ट निवडतो म्हणून जळतं, असंच ना तुमचं म्हणणं? मग शेठच्या वेळी मी काय वेगळं करत होतो? हेच. कानाशी धरून हलवायचं, वाजेल ते टाकायचं, घट्ट ते आणायचं. आणि तीन-तीन वर्षं चाललंय एकेक बेअरिंग. तीन वर्षं. दाराला लावलीत ना, ती तिन्ही त्याच वेळची. हात तोच, कान तोच, चाळणी तीच, दुकान तेच. मग बदललं काय?

वहिनी: मी.

मिस्त्री: मी तसं म्हटलं नाही.

वहिनी: म्हटलंत. आणि बरोबर आहे.

साहेब: मग रजिस्टरमधली नोंद तशीच राहील. दोन तास ऐकलं तरी—

वहिनी: अर्धा तास झालाय.

साहेब: हो, पण लिहायचं एकच आहे.

वहिनी: भाऊजी, ह्यांनी दिलेलं एखादं शिल्लक आहे का? न वापरलेलं?

मिस्त्री: नाही.

साहेब: तुमच्या कपाटात आहे ना एक? वरच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात. मागे तपासणीला आलेल्यांनी विचारलं होतं, हे कुठल्या यादीत नाही. तुम्ही म्हणालात, ते माझं आहे.

मिस्त्री: ते माझंच आहे.

वहिनी: ह्यांनी दिलेलं?

मिस्त्री: दवाखान्यात जायच्या आठवडाभर आधी. दुकानाच्या पायरीवर उभा होता. म्हणाला, राहू दे तुमच्याकडे एक जास्तीचं.

साहेब: चार बेअरिंग जळाली आणि तुम्ही ते वापरलं नाहीत?

मिस्त्री: नाही.

साहेब: का?

मिस्त्री: शेवटचं आहे.

साहेब: चाळणी पाच महिन्यांत चार वेळा बंद पडली, मिस्त्री.

मिस्त्री: माहीत आहे. मीच चालू केली चारही वेळा. ते वापरणार नाही.

वहिनी: वापरू नका. नुसतं दाखवा.

मिस्त्री: उघडायचं नाही.

वहिनी: कागदापुरतं उघडू. भाऊजी, माझ्याकडे यांच्या हातचं पुष्कळ आहे. चष्मा आहे, चपला आहेत, न भरलेल्या पावत्या आहेत. पण दुकान एकच आहे. ते जाऊ देऊ नका.

मिस्त्री: ...किल्ली वरच्या खिशात आहे. माझे हात बरबटलेत. साहेब, तुम्ही काढा.

साहेब: हे घ्या. जड आहे की.

मिस्त्री: दोन किलो. सांभाळून. कागद फाडू नका.

वहिनी: अगं बाई. हे तर ग्रीसनं लडबडलंय. रोलर दिसतसुद्धा नाहीत.

मिस्त्री: शेठचा माल असाच यायचा. कंपनीचं खास ग्रीस. म्हणायचा, पुसू नका, न पुसता बसवायचं. पुसलं की गेलं. आणि मी कधी पुसलं नाही.

वहिनी: कंपनी असं पाठवत नाही, भाऊजी. कंपनी तेलाचा हात फिरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते.

मिस्त्री: जुनी पद्धत असेल.

वहिनी: हलवून दाखवा बरं. दुकानात हलवता तसं.

मिस्त्री: हे बघा. आवाज आहे? काही नाही. घट्ट. याला म्हणतात माल.

वहिनी: नंबर काय आहे?

मिस्त्री: ग्रीसखाली असेल. मी कधी बघितला नाही.

वहिनी: रॉकेलची ती थाळी ओढा.

मिस्त्री: नाही.

वहिनी: भाऊजी.

मिस्त्री: वहिनी, त्यानं न पुसता बसवायला सांगितलं होतं.

वहिनी: तुम्ही बसवणार नाही म्हणालात ना? मग पुसायला हरकत काय?

साहेब: मुद्दा बरोबर आहे.

मिस्त्री: साहेब, तुम्ही फॉर्म बघा. ...घ्या. धुवा. पण मी धुणार नाही.

वहिनी: मी धुते. ब्रश द्या. हे ग्रीस तर तुमच्याच डब्यातल्यासारखं दिसतंय, भाऊजी. रंग तोच, वास तोच.

मिस्त्री: मी शेठच्याच दुकानातून नेतो ग्रीस. तेच असणार.

वहिनी: मग कंपनीचं खास ते कुठे राहिलं? ...निघतंय. साहेब, ती चिंधी. हं. वाचा आता.

साहेब: चष्मा लावतो. बरेच आकडे आहेत. शेवटी सी. आणि चार.

वहिनी: भाऊजी, हलवा.

साहेब: वाजतंय.

मिस्त्री: ऐकू आलं मला.

साहेब: चांगलंच वाजतंय. खुळखुळ्यासारखं.

मिस्त्री: साहेब, मी बहिरा नाही.

वहिनी: अशी दोन होती.

मिस्त्री: कुठे?

वहिनी: दुकानात. मागच्या फळीवर, पार कोपऱ्यात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर पेन्सिलीनं 'मिस्त्री' लिहिलेलं. हे गेल्यावर मी दहा दिवस दुकान साफ करत होते. दुसरं काही सुचत नव्हतं. हातात घेतली तर कोपरापर्यंत ग्रीस. मला वाटलं, तुम्ही वापरून परत केलेला माल. वाटलं, अशा अवतारात गिऱ्हाईक घेणार नाही.

मिस्त्री: मग?

वहिनी: मी धुतली. लख्ख. पिशवीत घालून, खोक्यात भरून पुढच्या फळीवर लावली. तुम्ही आलात की दर वेळी तीच आधी काढायचे, कारण नाव तुमचं होतं. दर वेळी तुम्ही हलवायचात, ती वाजायची, आणि तुम्ही बाजूला सारायचात.

साहेब: म्हणजे बरोबर माल मिस्त्रींनी चार वेळा परत केला.

वहिनी: पाच. एकदा नुसते बघायला आले होते.

मिस्त्री: म्हणजे शेठ ग्रीस भरायचा. मला आवाज येऊ नये म्हणून.

वहिनी: दिसतंय तर तसंच.

मिस्त्री: इतकी वर्षं.

वहिनी: तुम्हाला कधी समजावलं नव्हतं का त्यांनी?

मिस्त्री: एकदा. अगदी सुरुवातीला. चार माणसं उभी होती काउंटरवर. म्हणाला, मिस्त्री, चाळणीला ढिलंच लागतं, तुम्ही उलटं निवडताय. मी म्हटलं, मला शिकवू नको. आणि तीन महिने दुसऱ्या दुकानात गेलो.

वहिनी: मग परत कसे आलात?

मिस्त्री: तोच आला. सायकलवर, इथे, याच टेबलापाशी. कागदात गुंडाळलेलं बेअरिंग घेऊन. म्हणाला, नवीन माल आलाय, खास ग्रीसवाला, तुमच्या हाताला पटतंय का बघा. मी हलवलं. पटलं.

साहेब: आणि ते तीन वर्षं चाललं.

मिस्त्री: मी सगळ्या क्रशरवर सांगत फिरलो, बेअरिंग मिस्त्रीनं निवडावं. हाताला कळतं म्हणून. लोक बोलवायचे मला. शेठ काउंटरमागे उभा राहून मान डोलवायचा.

वहिनी: घरी कधी बोलले नाहीत. एक शब्द नाही. मला वाटायचं, या माणसाला ग्रीसचे डाग पाडून घ्यायची हौसच आहे.

मिस्त्री: हसत असेल मनातल्या मनात.

वहिनी: हसणारे असते तर मला सांगून हसले असते. तुम्ही येणार असलात की सकाळी लवकर दुकान उघडायचे. मी विचारलं तर म्हणायचे, मिस्त्री यायचाय, तयारी आहे. ही तयारी होती, ते आज कळलं.

मिस्त्री: मला वाटायचं, तो मला शहाणा समजतो.

वहिनी: समजतच होते. शहाणा माणूस परत दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून तर ग्रीस लावायचे.

मिस्त्री: ...साहेब, रजिस्टर द्या.

साहेब: खोडता येत नाही हं. पानांना नंबर आहेत.

मिस्त्री: खोडत नाही. खाली लिहितो. पेन.

साहेब: काय लिहिताय?

मिस्त्री: 'माल अस्सल होता. निवड चुकली. निवडणारा मी.' सही. तारीख काय आज?

साहेब: मिस्त्री, जरा विचार करा. हे लिहिलंत की मला दुसऱ्या चौकटीत टिक करावी लागेल. बसवण्यात चूक. ती तुमच्या नावावर चढते. अकरा महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार, पुढे दोन वर्षं ठेवून घ्या म्हणून मीच वर लिहिलंय. अशी नोंद असली की ठेवत नाहीत.

वहिनी: 'इतर'मध्ये टिक करा ना. चूक माझीही आहे. मी धुतली.

साहेब: 'इतर'पुढे कारण लिहावं लागतं. एक ओळ आहे. 'दुकानदारानं ग्रीस लावून फसवलं म्हणून चाललं, बायकोनं धुतलं म्हणून जळालं' हे त्या ओळीत मावत नाही. आणि मावलं तरी मी पाठवणार नाही.

मिस्त्री: दुसरीत करा. मला वाईट वाटतंय, नाही असं नाही. पण शेठच्या दुकानावर मी डुप्लिकेट लिहिलं, त्याचं जास्त वाटतंय. करा टिक.

साहेब: नक्की?

मिस्त्री: साहेब, चार वाजायच्या आत करा. नंतर माझं मन बदलेल.

साहेब: केली.

वहिनी: मग अकरा महिन्यांनी काय करणार?

मिस्त्री: घरी बसेन. सगळे बसतात.

वहिनी: दुकानात या. मला बेअरिंग जळालेलं ओळखता येतं, जळायच्या आधीचं नाही येत. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून सांगता ते कॅटलॉगमध्ये नाही. ह्यांची खुर्ची रिकामी आहे.

मिस्त्री: शेठच्या खुर्चीत मी नाही बसणार.

वहिनी: स्टूल आहे.

मिस्त्री: स्टुलावर बसेन.

वहिनी: पण नंबर वाचायचे.

मिस्त्री: वाचेन. चष्मा लागेल.

साहेब: ते ठरलं असेल तर चाळणीचं बघू का? आज चालू व्हायला हवी. बेअरिंग आणायला माणूस पाठवू?

वहिनी: नको. दोन्ही माझ्या पिशवीत आहेत. अस्सल माल कसा असतो ते दाखवायला आणलेली. भाऊजींनी बाजूला सारलेली तीच. हे एक. हे दुसरं. सी-फोर, सी-फोर.

साहेब: छान. मिस्त्री, घ्या बसवायला. ...मिस्त्री?

मिस्त्री: वाजतंय, साहेब.

साहेब: वाजायलाच हवं. आत्ताच ठरलं ना?

मिस्त्री: डोक्यात शिरलंय. हातात शिरत नाहीय. खुळखुळणारं बेअरिंग मी आजवर मशीनमध्ये घातलेलं नाही. हात धजत नाही, खरं सांगतो. दुसऱ्या कोणाला बसवू दे.

साहेब: दुसरं कोणी नाहीय.

वहिनी: भाऊजी, ग्रीसचा डबा इकडे करा.

मिस्त्री: कशाला?

वहिनी: करा इकडे.

साहेब: मॅडम, बसवल्यावर ग्रीस ते घालतातच. आता हातानं कशाला भरताय? आणि आम्हाला सगळ्यांना माहीत आहे की—

वहिनी: साहेब, तुम्ही फॉर्म पाठवा.

साहेब: पाठवतो. ते वर्तमानपत्र आजचं आहे. माझं वाचून व्हायचंय.

वहिनी: आता नाही होणार. भाऊजी, कपाटातल्यालाही भरते परत. त्याला जुनाच कागद गुंडाळते, फाटला नाहीय. ते वर ठेवून द्या. किल्ली लावा.

मिस्त्री: त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे का काही?

वहिनी: आहे. पुसट झालंय. 'मिस्त्री.'

मिस्त्री: असू दे तसंच.

वहिनी: हे झालं. आणि हे चाळणीचं. घ्या. न पुसता बसवायचं.

साहेब: मिस्त्री, आता कानाशी धरून काय हलवताय? त्यात काय आहे ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत.

वहिनी: हलवू द्या त्यांना.

मिस्त्री: हे घट्ट आहे. हेच द्या.